जमीन आरोग्य पत्रिकेत नसलेली नोंद : मातीचा घट्टपणा

जमीन आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. माती किती घट्ट झाली आहे, हे मात्र त्यात कुठेच येत नाही.

कारण साधे आहे. नेहमीचा नमुना वाळवून, कुटून २ मि.मी. चाळणीतून चाळतात. घट्टपणा तिथेच मोडतो. तो मोजायचा तर शेतातच, किंवा न मोडलेल्या नमुन्यावर.

आज ही उणीव जास्त जाणवते. मजूरटंचाईमुळे ऊसतोडणी यंत्रे वाढली. भरलेल्या ट्रॉल्या ओल्या रानात फिरतात. चाकाखाली दबलेल्या मातीत खोडव्याची मुळे आडवी पसरतात. अशा वेळी पत्रिकेप्रमाणे खत दिले, तरी मुळे पोचत नाहीत तिथले अन्न आणि ओल पिकाला मिळत नाही. खर्च मात्र होतोच.

मोजणीची साधने फार नाहीत:

• कोन पेनेट्रोमीटर: टोकदार शंकू असलेली सळई जमिनीत दाबून विरोध मोजतात. तो प्रति चौ. सेंमी सुमारे २० किलोच्या वर गेला, की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ खूप मंदावते.

• कोअर सिलिंडर, ओव्हन व वजनकाटा: ठराविक आकारमानाची माती काढून १०५ अंश सेल्सिअसला वाळवतात आणि वजनावरून स्थूल घनता काढतात.

पेनेट्रोमीटरची मोजणी वापशावरच करा. कोरडी माती नेहमीच जास्त कठीण दाखवते, त्यामुळे ओल न नोंदवलेला आकडा फसवा ठरतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी गटासाठी एक पेनेट्रोमीटर सामायिक ठेवावा. चाकोरीत आणि चाकोरीबाहेर, दोन्हीकडे मोजून फरक पाहावा.

उपकरण नसेल, तर वापशावर लोखंडी सळई दाबून पाहा. एकाच खोलीवर ती वारंवार अडली, तर तिथे दीड फूट खड्डा घ्या. मुळे त्या थरावर आडवी वळली असतील, तर निदान पक्के. मग उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना त्या थराच्या थोडे खाली सबसॉयलर चालवा. ओल्या मातीत तो थर फोडत नाही, नुसती चीर पाडतो. पुढे हिरवळीचे खत घ्या आणि ओल्या रानात जड वाहन घालू नका. नाहीतर फोडलेला थर पुन्हा दबतो.