शिर सलामत तर पगडी पचास! पण शिराची काळजी कोणी घ्यायची?



हात मोडला, पाय मोडला तर तो दिसतो. प्लास्टर दिसते, टाके दिसतात आणि साहेबालाही ते दिसतात. म्हणून त्याची नोंद होते, रजा मिळते आणि युनियनलाही भांडायला हातात कागद मिळतो. डोक्याला मार लागला आणि रक्त आले नाही, तर मात्र आपल्याकडे एकच औषध ठरलेले आहे. तोंडावर पाणी मारा, चहा पाजा आणि कामाला लावा!

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. डोक्याला मार लागलेल्या कामगाराला त्या दिवशी पुन्हा कामावर लावता कामा नये. त्याच्या जागी दुसरा माणूस दिला पाहिजे आणि त्याचा एक पैसाही कापला जाता कामा नये. ही दयेची याचना नाही. जगभरच्या तज्ज्ञांचे म्हणणे आज हेच आहे आणि खेळाच्या मैदानावर तो नियमही झाला आहे. मैदानावर जे चालते ते रुळावर आणि टपालाच्या बीटवर का चालू नये, एवढाच आमचा सवाल आहे.

तज्ज्ञ काय सांगतात?

माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण शरीर जी शक्ती खर्च करते तिचा सुमारे २० टक्के हिस्सा हा एकटा मेंदू घेतो. तो मऊ असतो आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. शंटिंगमध्ये जोराचा दणका बसला की वॅगन शाबूत राहते, पण आतला माल भिंतीवर आदळतो, हे आपण रोज पाहतो. डोक्याचेही तसेच आहे. कवटी शाबूत राहते, पण आतला मेंदू हलतो, पिळवटतो आणि त्यातील बारीक तंतू ताणले जातात. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. आपण त्याला मेंदूला बसलेला हादरा म्हणू.

याबाबत तीन गोष्टी प्रत्येक कामगाराने पाठ कराव्यात. पहिली, बेशुद्ध झाला नाही म्हणजे मार लागला नाही असे नव्हे. बहुतेक हादऱ्यांत माणूस बेशुद्ध होतच नाही. दुसरी, स्कॅन नॉर्मल आला याचा अर्थ आत रक्तस्राव नाही, कवटीला तडा नाही, एवढाच. हादरा सहसा स्कॅनमध्ये दिसत नाही. तिसरी, डॉक्टरांच्या कागदावर ‘सौम्य’ लिहिले म्हणून दुखणे सौम्य ठरत नाही. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये शुद्धी मोजण्याची एक पट्टी काढली, ती ३ ते १५ गुणांची आहे. १३ ते १५ गुण पडले की दुखापत सौम्य. जीव वाचतो की नाही हे ठरवायला ती पट्टी फार उपयोगी आहे. पण माणूस पुढच्या सोमवारी सिग्नल ओळखून काम करू शकेल का, हे ती सांगत नाही.

हादरा बसलेल्या माणसाचे डोके दुखते, चक्कर येते, उजेड व आवाज सहन होत नाही, विसरायला होते, झोप बिघडते आणि तो चिडतो. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, नंतर बेताबेताने हालचाल आणि मग टप्प्याटप्प्याने काम, हा आजचा उपचार आहे. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा, असे आता डॉक्टर सांगत नाहीत. बहुतेक लोक काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. अट एकच, मेंदू बरा होण्यापूर्वी दुसरा मार बसता कामा नये.

मैदानावरचा नियम

क्रिकेट आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे, म्हणून तिथला दाखला देतो. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या आणि वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनीही त्यांच्यासाठी रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत.

त्याहून जास्त शिकवणारी गोष्ट रमण लांबाची आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला एका क्लब सामन्यात तो हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता. फलंदाजाने मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. लांबा उठला आणि स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. नंतर त्याची शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, तो वारला. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठते तेव्हा असे घडते. माणूस काही तास चालतो, बोलतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि मग कोसळतो. वय झालेल्यांत आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत तर हा प्रकार काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही होतो. तेव्हा ‘उठून उभा राहिला ना, मग झाले’ हे शब्द आपल्या तोंडून यापुढे निघू नयेत.

१ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये नियम झाला की, डोक्याला मार लागून हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी त्याच तोडीचा बदली खेळाडू मिळेल आणि तो फलंदाजी-गोलंदाजीही करील. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू लागला. तो षटक संपेपर्यंत खेळला आणि त्रास नंतर ड्रेसिंग रूममध्ये जाणवला. त्याच्या जागी यजुवेंद्र चहल आला आणि त्याने तीन बळी घेतले. ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षकाने सामनाधिकाऱ्यांकडे नाराजी बोलून दाखवली, पण निर्णय फिरला नाही.

आमच्या प्रशासनाची नेमकी हीच हरकत असते. म्हणे, अशी सवलत दिली तर कामचुकार लोक डोके धरून बसतील! त्याचे उत्तर मैदानावर मिळालेले आहे. निर्णय ना खेळाडूने घ्यायचा, ना कप्तानाने. तो डॉक्टरने सांगायचा आणि सामनाधिकाऱ्याने मान्य करायचा. तीच पद्धत आम्हालाही मंजूर आहे.

आमच्याकडे काय होते?

आमच्या माहितीतल्या एका गँगची गोष्ट सांगतो. रूळ उचलताना पहार निसटली आणि एका ट्रॅक मेंटेनरच्या कानशिलावर बसली. तो दहा मिनिटे सावलीत बसला आणि पुन्हा कामाला लागला, कारण गँगमध्ये आधीच माणसे कमी. पुढचे दोन आठवडे त्याचे डोके दुखत होते. हत्यारांची मोजणी चुकू लागली आणि एके दिवशी तो मुकादमावर ओरडला. उद्धट वर्तनाची चार्जशीट त्याच्या हातात पडली. युनियन मध्ये पडली तेव्हा समोरून पहिला प्रश्न आला, ‘मार लागल्याचा कागद कुठे आहे?’ कागद नव्हता, कारण रक्त आले नव्हते. त्याचे दुखणे कोणी कागदावर घेतले नाही, पण त्या दुखण्यातून झालेली चूक मात्र कागदावर आली.

पोस्टमन बांधवांचे वेगळे नाही. खड्ड्यात मोटारसायकल घसरते, डोके आपटते, माणूस कपडे झटकून उठतो आणि राहिलेली बीट पुरी करतो. कारण टपाल परत नेले तर जाब विचारतात, डोके आपटले याबद्दल कोणी विचारत नाही. हेल्मेटबाबत आळस करू नका. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये निष्कर्ष निघाला की, मोटारसायकलवर हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. मात्र हेल्मेट कवटी वाचवते, हादरा पूर्ण थोपवीत नाही. आणि जोराचा मार खाल्लेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. कामासाठी गाडी चालवायची तर नवे हेल्मेट खात्याने द्यावे.

यात प्रश्न एकट्या जखमीचा नाही, सर्वांच्या सुरक्षेचा आहे. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ३० मीटर अंतर कापते. हादरा बसलेला मेंदू उशिरा उत्तर देतो. झोप न मिळालेला मेंदूही तसाच. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. आपल्या देशात गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ड्यूटीवर चढताना लोको पायलटला नळीत फुंकायला लावतात, ते योग्यच आहे. पण दारू तपासणाऱ्यांनी झोप आणि डोक्याचा मारही तपासायला हवा.

डॉक्टर कोणाचा?

मालकाने नेमलेल्या डॉक्टरवर सगळे सोडले तर काय होते, हे अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये दिसले. डोक्याच्या माराचा अभ्यास करायला तिथल्या लीगने १९९४ मध्ये समिती नेमली आणि अध्यक्ष केला संधिवाताचा डॉक्टर! माईक वेबस्टर हा नामांकित खेळाडू विस्मरणाने आणि हालअपेष्टांनी खचून २००२ मध्ये वारला. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वर्षानुवर्षे बसलेल्या माराच्या खुणा त्यात सापडल्या. हा लेख २००५ मध्ये प्रसिद्ध होताच समितीच्या डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. शेवटी हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा लीगला भरपाई कबूल करावी लागली.

एका माराने असा रोग होतो असे कोणी म्हणत नाही, उगीच घाबरू नये. पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये उतारवयातील स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली, त्यात डोक्याचा मार आहे. त्याच यादीत बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि अति दारूही आहे. इंजिनाच्या आवाजात आयुष्य काढणाऱ्यांनी ही यादी ध्यानात ठेवावी.

कायदा कुठे अपुरा पडतो?

कामावर झालेल्या दुखापतीसाठी केंद्र सरकारी नोकरांना विशेष रजा आहे. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण पगार व भत्ते, त्यानंतर सहा महिने पूर्ण आणि पुढे बारा महिने अर्धा पगार. पण हा सारा हिशेब रुग्णालयात दाखल होण्यापासून मांडलेला आहे. हादरा बसलेल्याला तर तपासून त्याच दिवशी घरी पाठवतात! ग्रामीण डाक सेवक आणि ठेकेदाराचे कामगार यांना हे रजेचे नियम लागूच नाहीत. डोके मात्र त्यांचेही तेवढेच नाजूक आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते की, नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कोणाला काढू नये वा पद उतरवू नये. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे. हे मोठे संरक्षण आहे. परंतु कायद्याच्या यादीतील २१ प्रकारांत डोक्याच्या माराचे वेगळे नाव नाही. पाय गेलेला दाखवता येतो, स्मरणशक्ती गेलेली कशी दाखवायची?

यास्तव आमच्या मागण्या अशा :

१) डोक्याला मार लागताच कामावरून उतरवणे आणि त्याच पाळीत बदली माणूस.
२) रक्त आले नाही तरी त्याच दिवशी नोंद आणि ‘ड्यूटीवर जखमी’ असा मेमो. ठेका कामगार व ग्रामीण डाक सेवकांनाही तो मिळावा.
३) विशेष रजा दुखापतीच्या दिवसापासून, दाखल केले असो वा नसो.
४) मेंदूविकार तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानेच फिट. मधल्या काळात हलके काम, पूर्ण पगार.
५) अशा काळातील चुकीबद्दल चार्जशीटपूर्वी वैद्यकीय तपासणी.
६) दिव्यांगत्वाच्या यादीत मेंदूच्या दुखापतीचा स्पष्ट समावेश.

रेल्वे शाखांनी हे मुद्दे येत्या पीएनएमच्या अजेंड्यावर आणि टपाल शाखांनी आपल्या सल्लागार यंत्रणेपुढे घालावेत.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. सोबत्याच्या डोक्याला मार लागला तर त्याला एकटे सोडू नका, गाडी चालवू देऊ नका, दारू देऊ नका. वेळ लिहून ठेवा आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, अडखळती जीभ, झटके, हातापायांत अशक्तपणा, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाणी वा रक्त, किंवा हाक मारून न उठणारी गुंगी, यांतले एक जरी लक्षण दिसले तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या, साहेबाच्या परवानगीची वाट पाहू नका. आणि ‘नाटक करतो’ हा शब्द निदान आपल्या माणसाच्या तोंडी तरी येऊ नये.

अकरा खेळाडूंच्या संघाला बदली माणूस मिळतो. लाखोंची वाहतूक आणि टपाल चालवणाऱ्यांनाही तो मिळालाच पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो!