वगाची रात्र कोणी कापली?

जुन्नर तालुक्यातील नारायणगावला ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात. गावोगावच्या जत्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर दूरच्या जिल्ह्यांतील गावकारभारीही येऊन खेळाची सुपारी ठरवितात. पूर्वी या बोलीत ‘यंदा वग कोणता?’ हा प्रश्न असे. आता चित्रपटातील गाणी किती आणि नाचणाऱ्या मुली किती, याचीच चौकशी अधिक होते. वग उरला तर शेवटी, घाईघाईने आटोपलेला. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. श्रमिकांनी श्रमिकांसाठी घडविलेली एक मोठी कलाकृती आपल्या डोळ्यांदेखत तुकड्यातुकड्यांनी विकली जात आहे.

वग म्हणजे सुटी गाणी एकामागून एक म्हणणे नव्हे. गण, गौळण आणि बतावणी यांनी प्रेक्षकांची बैठक जमली की वगाचे कथानक सुरू होते. पदे, संवाद, ढोलकीचा तोडा, झीलकऱ्यांची साथ आणि सोंगाड्याची टवाळी ही सर्व एका सूत्रात ओवलेली असतात. कथेचा सांगाडा ठरलेला, पण बोलणे पुष्कळसे त्या रात्रीचे, त्या गावाचे. राजाच्या दरबारात सोंगाडी जे बोलतो ते खरे तर गावच्या पुढाऱ्याला आणि सावकाराला उद्देशून असते, आणि समोरच्या शेतमजुराला ते बरोबर कळते. उमा बाबू सावळजकर यांचा १८६५च्या सुमाराचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. पुढे पठ्ठे बापूरावांनी ‘मिठाराणी’सारख्या वगांनी हा प्रकार महाराष्ट्रभर नेला.

अशा सलग रचनेची भूक केवळ मराठी खेड्यालाच आहे असे समजण्याचे कारण नाही. ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लिश वाद्यवृंदाने १९७३ साली ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी काढली. सुमारे ४३ मिनिटांच्या या रचनेत एक गाणे दुसऱ्यात मिसळत जाते, आणि काळ, पैसा, युद्ध, वेड व मृत्यू हे विषय एकाच सूत्रात येतात. हृदयाच्या ठोक्यांनी ती सुरू होते आणि ठोक्यांवरच संपते. १९७३ ते १९८८ या काळात ती अमेरिकेच्या खपाच्या यादीत ७४१ आठवडे होती, आणि आजही तरुण मुले ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. एका गाण्याने कान सुखावतो, पण सलग रचना माणसाला त्याच्या आयुष्याचा सबंध हिशेब समोर मांडून दाखविते. हेच काम आमचा वग त्या तबकडीच्या शंभर वर्षे आधीपासून करीत होता. त्याचा श्रोता एकटाही नव्हता. सारा गाव एकत्र बसून ऐकत होता.

मग ही रात्र कोणी कापली? चित्रपटाकडे आणि मोबाईलकडे बोट दाखविणे सोपे आहे. दुसरे कारण कायद्याचे आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणउत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. पण ते दिवस बहुधा मोठ्या सणांना जातात, आणि जत्रा तर प्रत्येक गावची वेगळ्या तिथीला. आजारी माणसाच्या आणि विद्यार्थ्याच्या झोपेसाठी केलेला हा नियम मोडा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र जेवणे उरकून नऊ-साडेनऊला खेळ सुरू करावयाचा आणि दहाला पोलीस आले म्हणून वग बंद करावयाचा, ही वगाची फसवणूक आहे.

अखंड वगाचे गुणगान करताना त्याची किंमत कोणी मोजली हेही विसरता कामा नये. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या फडातून पुढे आलेल्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) खेळ चालू असता पडद्यामागे प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. वस्तुतः ती शरमेने सांगावयास हवी. बाळंतपणाची रजा नसलेल्या एका कामगार स्त्रीची ती कहाणी आहे. २००६पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते, हे योग्यच. पण २०२० आणि २०२१ या दोन साली करोनामुळे जत्रा बंद पडल्या, तेव्हा फडातील ढोलकीवाला, आचारी, तंबू ठोकणारा यांना हक्काचा आधार कोणता होता?

शहरी रंगभूमीने वगाकडून भरपूर घेतले. वसंत सबनीसांचा ‘छपरी पलंगाचा वग’ १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ होऊन गाजला. सेवादलाच्या कलापथकानेही लोकनाट्याच्या जोरावर खेडी जागविली. तेव्हा या कलेचे ऋण आपल्यावर आहे, आणि ते फेडण्याची संधी आपल्या हाताशी आहे. जुन्नर-आंबेगावच्या कित्येक जत्रा कमिट्यांत आपले कार्यकर्ते बसतात. त्यांनी सुपारी देताना वगाचे नाव विचारावे. खेळ संध्याकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत पुरा वग व्हावा, अशी बोली लेखी करावी. पावसाने वा बंदीने खेळ बुडाला तर कलावंतांना किती रक्कम मिळेल, हेही त्याच कागदावर लिहावे. सवलतीच्या दिवसांत गावच्या जत्रेचा विचार व्हावा म्हणून ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

जुने वग जसेच्या तसे जपून ठेवा, असे येथे म्हणावयाचे नाही. त्यांतील राजेराण्या आणि बाईची टिंगल गेली तर दुःख नाही. उद्याच्या वगात धरणात बुडालेले गाव, कांद्याचा पडलेला भाव आणि बिबट्याच्या भीतीने रात्रीचे पाणी देण्यास न धजावणारा शेतकरी येऊ द्या. परंतु ते सांगण्यासाठी वगाला पुरता वेळ हवा. तो देणे जत्रा भरविणाऱ्या गावाच्या हाती आहे.