फजरच्या वाटेवरचे कुत्रे

मोमिनपुरा असो की जाफरनगर, पहाटे फजरला निघालेल्या बुजुर्गांच्या हातात काठी असते, ती कुत्र्यांसाठी. मुलं तर थेट दगडच उचलतात. ‘नापाक आहे, हात लावू नको’ हे आपण त्यांना शिकवलं; मारू नको, हे शिकवायचं राहून गेलं. विहिरीत उतरून, चामडी मोज्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, ही बुखारीतली हदीस आपण बयानात ऐकतो आणि मशिदीबाहेर येऊन हाड हाड करतो. लाळेच्या पाकीचा मसला वेगळा, रहमचा वेगळा.

भीती मात्र खोटी नाही. २० ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने बजावलं होतं, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं तर दत्तक घेऊन घरी न्या. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तर प्रत्येक वॉर्डात खाऊ घालण्याची जागा ठरवायला सांगितलं. नसबंदी आणि लस झालेला कुत्रा त्याच भागात परत सोडायचा. पिसाळलेला किंवा आक्रमक मात्र नाही.

आपल्या वॉर्डातली ती जागा कोणती, हे विचारायला मनपात आपल्यातलं कोण गेलं? मटणाच्या दुकानाबाहेर आतडी-चरबी पडली की तिथे टोळी जमणारच. ते थांबवायला कोर्टही लागत नाही.

चावलाच, तर हळद-मिरची लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे डोस अर्ध्यावर सोडू नका.