रोझमेरीचे तेल : ‘शतकानुशतकांची परंपरा’ नेमकी किती जुनी?

#थ्रेड #इतिहास

१/१३
गडद तपकिरी काचेची छोटी बाटली, तिला ड्रॉपर आणि वेष्टनावर ‘शतकानुशतकांची परंपरा’ हे शब्द. केसगळतीने धास्तावलेली विशी-पंचविशीतील पिढी आज रोझमेरीचे तेल याच शब्दांच्या भरवशावर विकत घेते. परंतु हे विधान मुळात इतिहासाचे आहे. तेव्हा ते इतिहासाच्याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

२/१३
रोझमेरी हे भूमध्य समुद्राच्या किनारपट्टीवरील सदाहरित झुडूप; कुळ तुळस-पुदिन्याचे. लॅटिन नावाचा रूढ अर्थ ‘सागराचे दव’. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘रोझमारिनस ऑफिसिनॅलिस’ असे नाव दिले. २०१७ मध्ये तिची गणना ‘साल्व्हिया’ प्रजातीत झाली. औषधी म्हणून तिची ख्याती निःसंशय जुनी आहे. प्रश्न एवढाच, की कशावरचे औषध?

३/१३
पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने तिला उष्ण गुणाची ठरवून काविळीवर उपयुक्त मानले. पुढे युरोपात ती स्मरणाची वनस्पती झाली. विवाहात आणि अंत्ययात्रेतही तिच्या डहाळ्या असत. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील ऑफेलिया ती देते, ती आठवणीची खूण म्हणूनच. या जुन्या कीर्तीच्या केंद्रस्थानी केस नाहीत.

४/१३
मग आले ‘हंगेरी वॉटर’, म्हणजे मद्यार्कात ऊर्ध्वपातन केलेली रोझमेरी. आख्यायिका अशी, की हंगेरीच्या वृद्ध राणीला या अर्काने पुन्हा तारुण्य लाभले. राणी १४व्या शतकातील. ही कथा छापून प्रसिद्धी पावली ती मात्र १७व्या शतकात. माल ताजा असला तरी त्याला प्राचीन राजघराण्याचा शिक्का हवा असतो, ही युक्ती तेव्हाही ठाऊक होती.

५/१३
१८व्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रोलंड नामक केशकर्तनकाराने ‘मॅकॅसर ऑइल’ बाजारात आणले. सुलावेसी बेटावरील दूरच्या बंदराचे नाव आणि केसवाढीचे छातीठोक दावे. डोक्याला किती केस आले, याची नोंद नाही; खुर्चीच्या पाठीवर तेलाचे डाग मात्र इतके पडले, की त्यासाठी अंथरायच्या विणलेल्या रुमालाला ‘अँटिमॅकॅसर’ हे नावच पडले.

६/१३
याच जाहिरातयुगात रोझमेरी आणि टाकणखार यांचे केस धुण्याचे पाणी इंग्रजी घरांत रुळले. मॉड ग्रीव्ह यांच्या १९३१ च्या ‘अ मॉडर्न हर्बल’ या ग्रंथात हे पाणी कोंड्यावर आणि रोझमेरीचे तेल अकाली टकलावर गुणकारी म्हटले आहे. म्हणजे परंपरा खोटी नव्हे; तिचे वय मात्र वाढवून सांगितले जाते.

७/१३
भारतही या बाजारापासून दूर नव्हता. कोलकात्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी ‘कुंतलीन’ केशतेलाच्या प्रचारासाठी चक्क कथास्पर्धा भरवली. १८९६ मध्ये बक्षीस मिळाले ते जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला. तीत केशतेलाची बाटली समुद्रात ओतल्यावर वादळ शमते! तेलाच्या महात्म्याची याहून सुंदर थट्टा क्वचितच झाली असेल.

८/१३
विसाव्या शतकात वळण आले ते अनपेक्षित दिशेने. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचे औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, हा त्याचा दुष्परिणाम. चाचण्या झाल्या आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलावर लावण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. त्याच्यामागे ना राणी होती, ना परंपरा. होती ती मोजणी.

९/१३
मोजणी रोझमेरीच्याही वाट्याला आली. १९९८ मध्ये स्कॉटलंडमध्ये चाई पडलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडरवुड या तेलांचे मिश्रण लावलेल्या ४३ पैकी १९ जणांत सुधारणा दिसली. नुसते वाहक तेल लावलेल्या ४१ पैकी ६ जणांत. आशादायक खरे, पण तेले चार होती, तेव्हा श्रेय एकट्या रोझमेरीला कसे द्यावे?

१०/१३
आज सर्वत्र ज्याचा दाखला दिला जातो, तो प्रयोग इराणमधील, २०१५ चा. आनुवंशिक टकलाचे १०० रुग्ण, निम्म्यांना रोझमेरी, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांत लक्षणीय फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत थोडी वाढ. ‘रोझमेरी मिनॉक्सिडिलच्या तोडीची’ हे वाक्य येथून जन्मले.

११/१३
त्या वाक्यातून गळले ते असे : काहीच न लावलेला अथवा निष्क्रिय द्रव लावलेला तिसरा गट नव्हता. तुलना ५ नव्हे, २ टक्के द्रावणाशी होती. आणि घरी खोबरेलात उकळलेल्या काड्या, बाटलीतील तीव्र अर्क व प्रयोगातील द्रावण या तीन भिन्न वस्तू आहेत. तीव्र अर्क तसाच चोळल्यास टाळूची आग होऊ शकते.

१२/१३
‘तोटा तर नाही ना?’ असा प्रश्न येतो. तोटा काळाचा आहे. आनुवंशिक टकलात केसांची मुळे हळूहळू लहान होत जातात आणि उपचार बव्हंशी उरलेले राखतात. लोहाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार असेल, तर तेलाच्या मागे गेलेले महिने निदानापासून दूर नेतात. सुवासासाठी, मालिशीच्या सुखासाठी तेल जरूर लावावे. निदान मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

१३/१३
हा न्याय परदेशी रोझमेरीपुरता राखला, तर तो दुटप्पीपणा ठरेल. इंद्रलुप्ताची चर्चा सुश्रुतसंहितेत आहे आणि माक्याचे तेल मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यालाही हीच फूटपट्टी लागू. जुने ग्रंथ लोकांनी काय मानले, काय वापरले याचा पुरावा देतात. केस उगवल्याचा नव्हे. इतिहासाची गोडी असलेल्याने पुढच्या वेळी बाटलीवर ‘प्राचीन’ हा शब्द दिसताच दोन प्रश्न विचारावेत : कोणत्या ग्रंथात, आणि कोणत्या रोगावर?