सहाव्या अध्यायातील नागीण

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीजागृतीचे वर्णन महाविद्यालयीन अध्यापनात बहुधा दोनच प्रकारे हाताळले जाते. एक तर चक्रे म्हणजे मज्जातंतूंची जाळी असे समीकरण मांडून तेराव्या शतकातील ग्रंथासाठी आधुनिक शरीरशास्त्राचे प्रशस्तिपत्र मिळविले जाते. नाही तर भक्तिकाव्यात राहून गेलेला नाथपंथीय अवशेष म्हणून तो भाग ओलांडला जातो. दोन्ही प्रकारांत बळी जातो तो काव्याचा.

गीतेच्या मूळ अध्यायात आसन, स्थिर दृष्टी व मनोनिग्रह आहेत, कुंडलिनी नाही. ती ज्ञानदेवांनी गहिनीनाथ-निवृत्तिनाथांच्या परंपरेतून आणली, आणि 'नाथसंकेत' असा शब्द योजून ते उघडपणे सांगितलेही. कुंकवाने माखलेल्या, वेटोळे घालून निजलेल्या नागिणीच्या पिलाचा दृष्टांत आधी वात्सल्य जागवितो. मग तीच शक्ती भुकेली होऊन उठते, देहातील धातू आणि पृथ्वी-आप ही तत्त्वे गिळते, आणि तृप्त झाल्यावर साधकाची काया नवी करते. ग्रासणारी आणि घडविणारी माता एकच. पुढे तर तिचे कुंडलिनी हे नावही गळते. ती वायुरूप होते, आणि शिवाशी मिळेपर्यंतच तिचे शक्तिपण उरते. हे नाव गळणे मज्जातंतूंच्या परिभाषेत कसे सांगणार?

बाराव्या अध्यायात हाच मार्ग पुन्हा येतो, पण कष्टांचा मार्ग म्हणून. भक्ताहून योग्याला अधिक काही लाभत नाही. श्रम तेवढे अधिक. म्हणून सहाव्या अध्यायातील तन्मयता उसनी ठरत नाही. साधना म्हणून जे मागे पडले, ते प्रतिमा म्हणून टिकले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

याची साक्ष पैठणला मिळते. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांना हा अध्याय किती जवळून ठाऊक असेल, हे निराळे सांगावयास नको. देवगिरीवर जनार्दनस्वामींपाशी त्यांची घडण झाली. ज्या भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी टीका लिहिली, त्यात सिद्धींना अंतरायच म्हटले आहे. तथापि शक्ती त्यांच्या काव्यातून हद्दपार झाली नाही. त्यांच्या जोगव्यात ती भवानी होऊन येते. परडी बोधाची असते आणि माळ घालावयाची ती द्वैत बाजूला सारून. सुषुम्नेतील एकान्त सोडून ती दारोदारच्या जोगव्यात आली, एवढाच फरक. परंतु सहावा अध्याय तत्त्वज्ञानाच्या तासाला आणि जोगवा लोकसाहित्याच्या तासाला, अशी वाटणी असेल, तर ही माता एकच आहे हे विद्यार्थ्याला कळावे कसे?