परराष्ट्र धोरण आणि गरिबाची भाकर

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या साहेबांचा विषय, वस्तीतल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे आपलेच कार्यकर्ते विचारतात. आम्हाला हे मान्य नाही. बाबासाहेबांनाही ते मान्य नव्हते. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी हिंदू कोड बिलाबरोबरच परराष्ट्र धोरणाचेही कारण दिले होते. वर्षाच्या ३५० कोटी महसुलापैकी सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, कारण संकटात धावून येणारा मित्र आपण जोडलेला नाही. मग उपाशी जनतेला अन्न आणि देशाला उद्योग कुठून मिळणार, असा त्यांचा आक्षेप होता.

म्हणजे कोणाशीही, कशाही अटीवर मैत्री करावी असे नव्हे. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हावर जगत होतो. भारताने व्हिएतनाम युद्धावर टीका केली, ती अध्यक्ष जॉन्सन यांना झोंबली. आपल्याला शेतीधोरण बदलायला लावण्यासाठी ते आधीच गहू थोडा थोडा सोडत होते. आता हात आणखी आखडला. धान्य ज्याच्या कोठारात, शब्दही त्याचाच चालतो!

आजही व्यापार करार होतात तेव्हा समृद्धी आणि सुरक्षिततेची भाषा बोलली जाते. पण कोणाची समृद्धी? असा करार करायला सरकारला संसदेची संमती लागत नाही. शेतमजुराची मजुरी, कारागिराचे काम पणाला लागते आणि त्यालाच पत्ता नसतो. म्हणून आमची मागणी साधी आहे : सहीआधी करार संसदेत मांडा, त्यावर चर्चा करा.

जय भीम!