विश्लेषण : वकील न लावता नादारीचा अर्ज करता येतो का? त्याने कर्ज खरेच संपते का?

कर्जत तालुक्यातील पोशीरसारख्या गावातले एक काल्पनिक, पण ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. टेम्पोसाठी फायनान्स कंपनीचे कर्ज. बायकोच्या नावावर महिला गटातून उचललेले मायक्रोफायनान्सचे पैसे. बहिणीच्या लग्नासाठी पतसंस्थेकडून घेतलेली रक्कम, तिला मेहुणा जामीन. वरखर्चाला मोबाइल अॅपवरचे कर्ज. आणि या सगळ्यांचे हप्ते भरायला ओळखीच्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी घेतलेले पैसे. एका पावसाळ्यात टेम्पोचे काम बंद पडते आणि सगळे हप्ते एकाच वेळी थकतात.

अशा वेळी माणूस फोन बंद करतो, गाव सोडतो किंवा कर्जत पट्ट्यात जमिनीला आलेला भाव पाहून मिळेल त्या किमतीला गुंठे विकतो. मोठ्या कंपन्या दिवाळखोरीत जाऊन कर्जातून सुटतात, मग आपल्यासाठी तसा कायदा नाही का, हा प्रश्न तो क्वचितच कोणाला विचारतो. असा कायदा आहे. त्याचे दार वकिलाशिवायही ठोठावता येते. पण आत गेल्यावर काय होते, हे आधी माहीत हवे.

नादारी म्हणजे नेमके काय?

जुन्या पिढीला ‘नादारी’ हा शब्द शाळेतल्या फीमाफीमुळे आठवत असेल. कायद्याच्या भाषेत नादार म्हणजे आपली कर्जे फेडण्यास असमर्थ असलेली व्यक्ती. न्यायालयाने तसे जाहीर केले की त्या व्यक्तीची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून आलेले पैसे सर्व धनकोंमध्ये वाटले जातात. त्यानंतर विनातारण धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय स्वतंत्र वसुली करता येत नाही. शेवटी, योग्य वाटल्यास, न्यायालय नादाराला उरलेल्या कर्जातून मुक्त करते.

लागू कायदा कोणता? २०१६ चा की १९२०चा?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. मात्र त्या सर्वसामान्य कर्जदारांसाठी अद्याप लागू झालेल्या नाहीत. १ डिसेंबर २०१९ पासून त्या फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना वैध ठरवली.

म्हणूनच २०२० मध्ये अनिल अंबानी यांच्या वैयक्तिक हमीच्या प्रकरणात स्टेट बँक राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाऊ शकली. रक्कम होती सुमारे १,२०० कोटी रुपये. पुढे त्या प्रक्रियेला दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पोशीरच्या टेम्पोचालकाला मात्र हा रस्ता खुला नाही. त्याच्यासाठी आजही ब्रिटिशांच्या काळातला १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच चालतो. मुंबई शहराला १९०९ चा वेगळा कायदा लागू आहे.

नव्या संहितेत अगदी गरीब कर्जदारांसाठी ‘फ्रेश स्टार्ट’, म्हणजे नव्याने सुरुवात करण्याची सोय आहे आणि तो अर्ज स्वतः करण्याची मुभाही त्यात लिहिलेली आहे. पण अटी पाहा. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, माफीस पात्र कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसावे. महिन्याला पाच हजारांहून जास्त कमावणारा इथे बाहेर पडतो. त्यामुळे ही तरतूद उद्या लागू झाली, तरी आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाला तिचा उपयोग नाही.

वकील लागतोच का?

नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पक्षकाराला न्यायालयात स्वतः उभे राहता येते आणि नादारीच्या कामकाजाला सर्वसाधारणपणे तीच पद्धत लागू आहे. महाराष्ट्रात जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. त्यामुळे अर्ज मराठीत लिहिता येतो.

लहान कर्जदाराने वकिलाशिवाय न्याय मागणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८७५ मध्ये सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे पेटले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांसाठी होता. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यास त्याने बंदी केली, शेतकऱ्याला नादारीचा मार्ग दिला आणि लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांना उभे राहण्यासच मनाई केली.

अर्ज कोण, कुठे करू शकतो?

कर्ज फेडण्याची असमर्थता ही मूळ अट. त्याबरोबर तीनपैकी एक गोष्ट हवी : एकूण कर्ज किमान ५०० रुपये, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक झालेली असणे, किंवा अशा हुकूमनाम्यापोटी मालमत्तेवर जप्तीचा आदेश असणे. १९२० मधली ५०० रुपयांची मर्यादा आजही तशीच असल्याने ही अट जवळपास प्रत्येक जण पूर्ण करतो.

कर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयाकडे हा अर्ज जातो. रायगडचे जिल्हा न्यायालय अलिबागला आहे. म्हणजे पोशीरहून कर्जत, खोपोली, पेण करत जाणे आले. मात्र राज्य सरकार अधिसूचना काढून दुय्यम न्यायालयांनाही हा अधिकार देऊ शकते. त्यामुळे आधी कर्जतच्या न्यायालयात चौकशी करावी.

अर्जात काय लिहायचे?

या कायद्याच्या कलम १३ मध्ये यादी दिलेली आहे. अर्जाचा खरा कस याच यादीत लागतो.

१. आपण कर्ज फेडू शकत नाही, असे स्पष्ट विधान आणि राहण्याचा पत्ता.

२. प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम. यात अॅप, पतसंस्था, हातउसने आणि खासगी सावकार असे सगळे आले.

३. सर्व मालमत्तेची यादी, तिची किंमत आणि ती कुठे आहे याचा तपशील.

४. कायद्याने सूट दिलेल्या वस्तू वगळून बाकी सर्व मालमत्ता न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी.

५. अटक किंवा जप्ती झाली असल्यास ती कोणत्या न्यायालयाच्या आदेशाने झाली.

६. पूर्वी असा अर्ज केला होता का आणि त्याचे काय झाले.

अर्ज दाव्याप्रमाणे सत्यापित करून सही करावी लागते. मग न्यायालय सुनावणीची तारीख ठरवते आणि धनकोंना नोटीस जाते. कर्जदाराने असमर्थतेचा प्रथमदर्शनी पुरावा दिला तरी या टप्प्यावर पुरतो. हिशेबाच्या वह्या, बँकेचे उतारे, हप्त्यांचे मेसेज हे सगळे म्हणूनच जपून ठेवावे. अर्ज एकदा दिला की न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

मालमत्ता लपवली, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘गुंठे भावाच्या नावावर करून टाक’ हा सल्लाही महागात पडतो. नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते.

काय वाचते, काय जाते?

अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची आवश्यक अवजारे, गुरे आणि बियाणे जप्त होत नाहीत. शेतकरी राहत असलेल्या घरालाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने संरक्षण आहे. शेतजमिनीला तशी सरसकट सूट नाही. आदिवासींची जमीन मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही.

तुरुंगाच्या भीतीबद्दलही स्पष्टता हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ‘जॉली जॉर्ज वर्गीस’ प्रकरणात सांगितले की, केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता येत नाही म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

या अर्जाने काय सुटत नाही?

नुसता अर्ज केला म्हणून वसुलीचे फोन थांबत नाहीत. विनातारण धनकोंना अटकाव होतो तो नादार घोषित झाल्यावर. ज्याच्याकडे तारण आहे, त्याचा तारणावरचा हक्क त्यानंतरही शाबूत राहतो. म्हणजे फायनान्स कंपनी टेम्पो नेऊ शकते. चेक न वटल्याचा फौजदारी खटलाही आपोआप थांबत नाही.

शेवटी मुक्तता मिळाली, तरी सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि पोटगीची जबाबदारी राहते. गावात सर्वांत जास्त दुखणारी गोष्ट म्हणजे जामीनदारही सुटत नाही. आपल्या उदाहरणात टेम्पोचालक मुक्त झाला, तरी पतसंस्था मेहुण्याच्या दारात जाऊ शकते. म्हणून अर्जाआधी जामीनदाराशी बोलणे गरजेचे आहे.

सर्वांत मोठी चूक कोणती?

नादार घोषित झालो म्हणजे कर्ज संपले, असे समजणे. कर्ज संपते ते मुक्ततेच्या आदेशाने आणि त्यासाठी न्यायालयाने दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही, तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि धनको पुन्हा दारात येतात. नवी संहिता लागू असती, तर दिवाळखोरी सुरू झाल्यापासून एक वर्षाने मुक्ततेसाठी अर्ज करण्याची जबाबदारी विश्वस्तावर असती. जुन्या कायद्यात ती कर्जदारावरच आहे.

मुक्तता मिळेलच, असेही नाही. मालमत्तेतून रुपयामागे किमान आठ आणेही निघत नसतील आणि त्याला आपण जबाबदार नाही हे पटवता आले नाही, तर न्यायालय बिनशर्त मुक्तता नाकारते. जुगार, सट्टा किंवा उधळपट्टीतून झालेल्या कर्जालाही तोच नियम.

मुक्तता मिळेपर्यंतचा काळ कठीण असतो. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ही रक्कमही १९२० चीच. म्हणजे किराणा दुकानातली आठवड्याची उधारीसुद्धा यात येऊ शकते. शिवाय या काळात ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत कोणतीही निवडणूक लढवता येत नाही.

अर्जाआधी काय करून पाहावे?

आधी कर्जांची वर्गवारी करा. खासगी सावकाराकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारता येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सावकाराने बेकायदा बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी याच कायद्याखाली जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो.

बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. आधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा मदत क्रमांक आहे. तडजोडीने रक्कम कमी करून घेतली, तर ती लेखीच घ्यावी. अशा तडजोडीची नोंद क्रेडिट अहवालात राहते, हेही लक्षात ठेवावे.

‘वकील न लावता’ याचा अर्थ ‘एकट्याने’ असा मात्र नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कर्जत-खालापूरमधील ठाकूर आणि कातकरी कुटुंबे यात येतात. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

तिथे जाताना एक कागद सोबत न्यावा. त्यावर कोणाचे किती देणे, कशावर तारण आणि कोण जामीन, एवढे तीन रकाने भरलेले असावेत. बहुतेक कर्जदारांनी आपले सगळे देणे असे एका कागदावर कधी मांडलेलेच नसते. नादारीचा अर्ज करायचा की तडजोड, हे हा कागद पाहूनच ठरवता येते.